खराटा, रांजण आणि हजेरीपत्रक
(शाळेतील नेतृत्व आणि रोजचा व्यवहार)

शिक्षणाच्या क्षेत्रात गेली काही वर्षे ‘नेतृत्व’ या शब्दाचा बराच बोलबाला झाला आहे. मुख्याध्यापकांची शिबिरे भरतात, फळ्यावर नेतृत्वाचे गुण लिहिले जातात आणि संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली जातात. अशा शिबिरांना मीही बसलो आहे. मी १९७७ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि २०१४ साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. माझी बहुतेक नोकरी इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत झाली. या ३७ वर्षांत एकाही शिबिरात मला कोणी असे विचारले नाही, की तुमच्या शाळेत रांजण कोण भरते, संडास कोण धुते आणि खिचडीच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते? शाळेचे खरे नेतृत्व या प्रश्नांच्या उत्तरात असते, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले, हे या लेखात मांडायचे आहे. त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीचीही कबुली आहे. तिच्यावाचून हा विषय मला समजला नसता.

प्रारंभीच एक खुलासा करतो. दलितांच्या शिक्षणाचा विचार करताना आपण साधारणतः तीन गोष्टी बोलतो : प्रवेश, शिष्यवृत्ती आणि गळती. तिन्ही महत्त्वाच्या आहेत. परंतु प्रवेश आणि गळती यांच्यामध्ये शाळेचे रोजचे सहा तास असतात. त्या सहा तासांत मुलाला आपली ‘जागा’ कळते. ती पुस्तकातून कळत नाही, व्यवहारातून कळते. हा व्यवहार कोण ठरवतो, कसा ठरवतो आणि तो बदलायचा तर कोठे हात घालावा लागतो, हा आपला विषय आहे.

दार उघडले, पण आत?

इतिहास थोडक्यात पाहू. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. पुढच्याच वर्षी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने तो नाकारला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, हे धोरण १८५८ साली जाहीर झाले. म्हणजे कागदावर दार उघडून आता १६० वर्षांहून अधिक काळ लोटला.

पण दार उघडल्यावर काय झाले? भीमराव आंबेडकर सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. शाळेने त्यांना प्रवेश दिला होता. तरीही ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि रोज परत आणावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. बाबासाहेबांनी हे सारे स्वतःच लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग आपण भाषणात पुष्कळदा सांगतो. आता तो शाळेच्या कारभाराच्या दृष्टीने पाहावा. त्या मुलाचे नाव पटावर होते. फी घेतली जात होती. परीक्षा होत होती. सरकारच्या दप्तरी ती शाळा कायद्याप्रमाणे चालत होती. अन्याय पटाबाहेर घडत होता. तो बसायच्या जागेत होता, झाडलोटीत होता, पाण्याच्या भांड्यात होता. हा कारभार कोणत्या सरकारी हुकमात लिहिलेला होता? कोणत्याही नाही. तो शाळेने आपल्यापुरता ठरवला होता. शाळेच्या प्रमुखाने ‘उद्यापासून हे बंद’ म्हटले असते तर काय झाले असते, हे आपल्याला सांगता येत नाही. त्याने तसे म्हटले नाही, एवढे मात्र खरे.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि १९३० साली तिचा अहवाल आला. शाळेतील वागणुकीचा प्रश्न तेव्हाही चौकशीचा विषय होता. आज तो संपला आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे वाचावे.

दोन तालुके

बारामती आणि इंदापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला ऊस, साखर कारखाने आणि राजकारण आठवते. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा आणि वरचा जिरायती पट्टा, अशी या भागाची दोन रूपे आहेत. तिसरे रूप उजनी धरणाने केले. भीमेकाठची कित्येक गावठाणे पाण्याखाली गेली आणि नवी वसली. नवे गावठाण आखताना जुने गावकुसाबाहेरचे अंतर कित्येक ठिकाणी नव्या नकाशावर तसेच उतरले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या मातीला वहीची ताकद चांगली ठाऊक आहे. इंग्रजांची जमीन-मोजणी व आकारणीची नवी पद्धत १८३० च्या दशकात प्रथम इंदापुरात लागू झाली. सुप्याला १८७५ साली शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा लोकांनी प्रथम सावकाराचे रोखे आणि खतपत्रे मागितली आणि ती जाळली. आपले नशीब कागदावर कोणत्या रकान्यात लिहिले जाते, यावर पुढचे सारे ठरते, हे त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांना कळत होते. शाळेतही एक वही असते. तिला हजेरीपत्रक म्हणतात. तिच्याकडे मी पुढे येतो.

मी ज्या शाळांत होतो तेथे एक बदल माझ्यासमोर झाला. १९८० च्या सुमारास पाटलाचे, सोसायटीच्या चेअरमनचे आणि वस्तीवरच्या मजुराचे पोर एकाच बसकरपट्टीवर बसत असे. निदान बसायला हवे होते. पुढे बागायतदारांची मुले पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेला जाऊ लागली. माझ्या शेवटच्या शाळेत राहिली ती बौद्ध, मातंग, रामोशी, पारधी, मेंढरामागे फिरणाऱ्या धनगरांची आणि ऊसतोड कामगारांची मुले. गावच्या सत्तेने आपली मुले शाळेतून काढून घेतली, पण शाळेवरची सत्ता सोडली नाही. झेंडावंदनाला नारळ फोडणारा हात तोच राहिला.

मुख्याध्यापकाच्या हातात काय असते?

जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. आज मुख्याध्यापकाच्या वर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशी उतरंड असते. वरून परिपत्रके येतात, खालून माहिती जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात आणि स्वतंत्र मुख्याध्यापक १५० च्या वर पट गेला तरच धरला जातो. म्हणजे वाडीवस्तीवरच्या लहान शाळेत मुख्याध्यापक हा दोन वर्ग शिकवणारा, त्याच वेळी तांदूळ मोजणारा आणि माहिती भरणारा शिक्षकच असतो.

या बिचाऱ्याच्या हातात काही नाही, असे म्हणण्याची आपल्यात पद्धत आहे. मीही तसे म्हणत असे. हे अर्धेच खरे आहे. अभ्यासक्रम त्याच्या हातात नाही, बदली नाही, पैसा जवळजवळ नाही. पण मुले कोठे आणि कोणत्या क्रमाने बसतील, परिपाठात कोण पुढे उभे राहील, वर्गाचा सेक्रेटरी कोण, पाणी कोण आणेल, झाडलोट कोणाकडे, पाहुण्यांना चहा कोणाच्या हातून जाईल, कोणाच्या आईबापाला ‘या’ आणि कोणाला ‘ये’ म्हटले जाईल, हे सारे तोच ठरवतो. त्याने ठरवले नाही तर त्याच्यासाठी गाव ठरवते. या दुसऱ्या वाक्यातच सारी मेख आहे. मुख्याध्यापकाने जो व्यवहार मोकळा सोडला, तो मोकळा राहत नाही. त्यात जुनी रीत येऊन बसते.

माझी चूक

माझा जन्म १९५६ चा, धर्मांतराच्या वर्षातला. लहानपणी आमच्या शाळेत रांजणावर एक ओगराळे असे. आम्हा बौद्धांच्या मुलांनी ते धरायचे नाही. कोणीतरी ओतायचे आणि आम्ही ओंजळ धरायची. गुरुजी वाईट नव्हते, त्यांनी मला गणित मनापासून शिकवले. पण ओगराळ्याविषयी ते कधी काही बोलले नाहीत. आपण शिक्षक झालो की पहिल्याच दिवशी हे मोडायचे, असे मी ठरवले होते आणि मोडलेही. माझ्या कोणत्याही वर्गात पाण्याचा भेद मी टिकू दिला नाही. त्यामुळे माझी शाळा शुद्ध आहे, असा मला अभिमान होता.

१९९९ ची गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो. शाळेला नुकतेच संडास आणि मुतारी बांधून मिळाली होती. शिपायाचे पद नव्हते. मी सहावी-सातवीच्या मुलांचे आठ-आठांचे गट पाडले. एका गटाकडे मैदान, एकाकडे वर्ग, एकाकडे बागेला पाणी, एकाकडे संडास-मुतारी. तक्ता करून भिंतीवर लावला. साहेबांनी भेटीत तक्त्याचे कौतुक केले आणि शेरेबुकात तसे लिहिले.

दोन-अडीच महिन्यांनी सहावीतली एक मुलगी यायची बंद झाली. हुशार होती. मी वस्तीवर गेलो. आई कांद्याच्या खुरपणीला गेली होती. आजी दारात बसली होती. तिने मला पाणी दिले आणि म्हणाली, “मास्तर, तुमी आपल्यातलंच ना? मग माझ्या नातीच्या हातात खराटा कुणी दिला?”

मला राग आला. मी म्हणालो, “आजी, खराटा सगळ्यांच्याच हातात आहे. तक्ता लावलाय.” ती म्हणाली, “तक्ता तुमी वाचा. मला वाचता येत न्हाई. संडासावर कोण असतं, ते मला दिसतं.”

शाळेत परत येऊन मी तक्ता वाचला. संडासाच्या गटात आठ मुले होती. आठही बौद्ध आणि मातंग. बागेला पाणी घालणारी आठही बागायतदारांच्या घरची.

हे मी जाणून केले नव्हते. मग झाले कसे? हाच या लेखाचा गाभा आहे, म्हणून तपशिलाने सांगतो. उपस्थिती भत्ता, शिष्यवृत्ती आणि मासिक पत्रक यांसाठी दर महिन्याला प्रवर्गवार आकडे द्यावे लागत. ते काढायला सोपे जावे म्हणून आमच्याकडे हजेरीपत्रकात नावेच प्रवर्गवार लिहिण्याची पद्धत होती. गट पाडताना मी हजेरीपत्रक समोर घेतले आणि वरून खाली आठ-आठ नावे तोडली. त्यामुळे गट आपोआप जातीचे झाले. कामे वाटताना पहिल्या गटाला पहिले काम, दुसऱ्याला दुसरे, असे केले. संडास यादीत शेवटी होता आणि ती नावेही शेवटी होती. दर आठवड्याला कामे फिरवायची, असे मी मनात ठरवले होते. पण फिरवण्याची जबाबदारी वर्गाच्या सेक्रेटरीवर सोपवली आणि विसरलो. सेक्रेटरी कोण? पाणी घालणाऱ्या गटातला. तो कशाला फिरवील?

येथे कोणी शिवी दिली नाही. कोणी विटाळ मानला नाही. मुलांना सवलत मिळावी म्हणून केलेल्या यादीतूनच मुलांच्या हाती खराटा आला आणि तो देणारा मुख्याध्यापक स्वतः त्याच वस्तीत जन्मलेला होता. जात चालवायला दर वेळी जातीयवादी माणूस लागतोच असे नाही. वहीतला एक क्रम आणि मुख्याध्यापकाचे दुर्लक्ष, एवढे तिला पुरते. ‘आपला माणूस खुर्चीवर बसला की व्यवहार बदलेल’, ही आपल्या चळवळीतली एक आवडती समजूत आहे. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, असे सुचवले होते. त्यांना मुलांच्या गरजा कळतात आणि ते त्यांच्यात मिसळतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते बरोबरच आहे. पण मिसळणारा माणूसही वही जुनीच वापरील तर काय होते, ते मी करून दाखवले.

दुरुस्ती आणि तिची अडचण

दुरुस्ती दोन पायऱ्यांत झाली. हजेरीपत्रक मी अकारविल्ह्याने लिहायला घेतले आणि प्रवर्गवार आकड्यांसाठी वेगळा तक्ता ठेवला. महिनाअखेरीला अर्धा तास जास्त लागू लागला. एवढीच त्याची किंमत होती. गट नव्याने पाडले आणि काम दर सोमवारी परिपाठात, सर्वांसमोर फिरवायचे ठरवले.

पहिल्याच आठवड्यात गावातले एक वजनदार गृहस्थ आले. “गुरुजी, आमच्या पोरांनी हे काम करायचं म्हणता?” असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “सगळ्यांनीच करायचं.” आणि दुसऱ्या दिवशी मीच बादली-खराटा घेऊन संडास धुतला. गांधींच्या आश्रमाच्या गोष्टी मी वाचल्या होत्या. मुख्याध्यापकाने उदाहरण घालून दिले की मुले मागे येतात, असे शिबिरात सांगितलेही होते.

परिणाम उलटा झाला. गावात बोलले गेले, की मास्तर आपल्या कामाला लागला. सवर्ण माणसाने खराटा घेतला तर तो त्याग ठरतो. आमच्या माणसाने घेतला तर ती वतनदारी ठरते. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पण लोकांच्या नजरेतून अजून गेलेली नाहीत. ‘स्वतः करून दाखवा’ हा नेतृत्वाचा धडा सर्व जातींच्या मुख्याध्यापकांना सारखा लागू पडत नाही, हे कोणत्याही शिबिरात सांगितले जात नाही.

मग मी माझ्या सहशिक्षकाशी बोललो. ते मराठा समाजातले, जवळच्याच गावचे. मी त्यांना आजीचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. पुढच्या सोमवारी पहिली बादली त्यांनी उचलली आणि आपल्या भावकीतल्या दोन मुलांना नावाने हाक मारून बरोबर घेतले. गावात धुसफूस झाली, पण त्यांना कोणी काही म्हणू शकले नाही. नंतर ग्राम शिक्षण समितीच्या बैठकीत ठराव लिहून घेतला : शाळेतील सर्व कामे सर्व मुलांमध्ये आठवड्याच्या पाळीने फिरतील आणि शिक्षक त्यांत सहभागी होतील. हा ठराव महत्त्वाचा होता, कारण मुख्याध्यापक बदलला तरी वही शाळेत राहते. एकट्या मुख्याध्यापकाचे धैर्य त्याच्या बदलीबरोबर निघून जाते.

ती मुलगी मात्र परत आली नाही. मी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी ती आईबरोबर कांदा काढायला गेली होती. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाल्याचे कळले. सरकारी तक्त्यात तिची नोंद ‘गळती’ अशी झाली. तो शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला. जणू ती स्वतःच कोठून तरी गळून पडली.

पंगत

शाळेत अन्न आले तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली. प्रथम मुलांना घरी तांदूळ मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि एप्रिल २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे, असेही सांगितले. या दुसऱ्या आदेशाची माहिती आमच्या कार्यकर्त्यांतही फार थोड्यांना आहे.

माझ्या एका शाळेत मातंग समाजातील विधवा बाईंना स्वयंपाकाचे काम मिळाले. त्या आठवड्यापासून काही मुलांचे डबे घरून येऊ लागले. कोणी कारण सांगितले नाही. पोट दुखते, तिखट चालत नाही, असे सांगत. मी सभा घेतली नाही. भाषणाने माणूस आपली बाजू आणखी घट्ट धरतो, हे मी शिकलो होतो. आहार वाटण्यापूर्वी शिक्षकाने चव घ्यायची, असा नियम आहेच. आम्ही तिघे शिक्षक चव घेऊन न थांबता रोज पंगतीत बसून जेवू लागलो. डबेवाल्या मुलांनाही त्याच पंगतीत, पटाच्या क्रमाने बसवले. बाईंना मुलांनी ‘मावशी’ म्हणावे, असे ठरवले. परिपाठात आठवड्यातून एकदा मावशी मुलांना एक गोष्ट सांगू लागल्या. त्यांना शंभर म्हणी पाठ होत्या. दिवाळीपर्यंत बहुतेक डबे बंद झाले. दोन घरांचे शेवटपर्यंत चालू राहिले. ते मी बदलू शकलो नाही. पण त्या दोन घरांच्या भीतीने मावशींना काढून टाकले नाही, एवढे आम्ही केले. अनेक ठिकाणी नेमके तेच केले जाते आणि ‘वाद नको’ असे त्याला नाव दिले जाते.

कोपीवरची मुले

दर हंगामात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगरकडून (पूर्वीचे अहमदनगर) माणसे येतात, त्यांत दलित आणि भटके विमुक्त मोठ्या संख्येने असतात. दिवाळीच्या सुमारास आलेले मूल पाडव्याच्या सुमारास परत जाते. त्याच्याकडे दाखला नसतो, जन्माचा पुरावा नसतो. ‘दाखला आणा, मग बसवतो’, असे म्हणणे मुख्याध्यापकाला फार सोपे असते. पट वाढला तर काम वाढते आणि चार महिन्यांनी मूल गेले की गैरहजेरीचा ठपका येतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवले पाहिजे. कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि कलम १४ प्रमाणे वयाच्या पुराव्याअभावी नाकारता येत नाही. शाळेतून शाळेत जाताना मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायचे, अशीही महाराष्ट्रात व्यवस्था झाली. पण कोपीपर्यंत चालत कोण जाते, यावर सारे अवलंबून आहे. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आम्ही दोघे शिक्षक हंगामाच्या पहिल्या आठवड्यात पहाटे कोप्यांवर जात असू. बैलगाड्या फडावर निघण्याआधी आईबाप भेटतात, नंतर भेटत नाहीत. एवढी साधी गोष्ट कळायला मला अनेक वर्षे लागली.

समिती कोणाची?

याच कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व, असे तिचे स्वरूप आहे. शाळेतल्या भेदभावाविरुद्धची जबाबदारी कलम ८ व ९ ने सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकली. कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. इतकी साधने आपल्या आधीच्या पिढीला मिळाली नव्हती.

पण समितीची बैठक सकाळी ११ वाजता ठेवली की मजूर बाई येऊ शकत नाही. तिची मजुरी बुडते. मग इतिवृत्ताची वही घरोघर सही-अंगठ्यासाठी फिरते आणि कागदावर निम्म्या स्त्रिया हजर होतात. बैठकीची वेळ संध्याकाळी सात केली आणि ती शाळेऐवजी कधी वस्तीवरच्या विहारात घेतली तर काय होते? मी ते करून पाहिले. पहिल्या बैठकीत बाया बोलल्या नाहीत. तिसऱ्या बैठकीत एकीने विचारले, “मुलींच्या संडासाला कडी का न्हाई?” त्या वर्षी आमच्या शाळेच्या आराखड्यातले पहिले काम ती कडी होते. माझ्या साऱ्या आराखड्यांत ते सुचले नव्हते.

कार्यकर्त्यांनी काय पाहावे?

आपल्या चळवळीतले तरुण शाळेत जातात ते १४ एप्रिलला, ३ जानेवारीला आणि अलीकडे ७ नोव्हेंबरला. बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. संविधानाची उद्देशिका मुले परिपाठात म्हणतात, तीही चांगली गोष्ट आहे. पण उद्देशिका म्हणून झाल्यावर मुले कोणत्या कामाला पांगतात, ते पाहायला थांबले पाहिजे.

माझी विनंती अशी, की जयंतीखेरीज वर्षातून दोन साधे दिवस आपापल्या गावच्या शाळेत काढा. भांडायला जाऊ नका, पाहायला जा. हजेरीपत्रकातील नावांचा क्रम कोणता आहे, ते विचारा. कामाचा तक्ता केव्हा फिरला, ते पाहा. खिचडीच्या वेळी शेवटपर्यंत थांबा आणि शिक्षक कोठे जेवतात ते पाहा. समितीची बैठक किती वाजता असते, हे वस्तीवरच्या बाईला विचारा. तिला बैठक असते हेच ठाऊक नसेल, तर तेच उत्तर समजा. हंगाम सुरू झाला की कोपीवरची किती मुले वर्गात आहेत, ते मोजा. आणि ज्या मुख्याध्यापकाने यातले काही दुरुस्त केले असेल, त्याच्या मागे उभे राहा. तो दलित असेल तर त्याला एकटे टाकू नका आणि सवर्ण असेल तर त्याच्यावर संशय घेत बसू नका. माझ्या सहशिक्षकांनी उचललेली ती बादली माझ्या दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडली, हे मी विसरू शकत नाही.

शिक्षक असलेल्या मित्रांना वेगळे सांगायला नको. तुम्ही जात मानत नाही, हे मला मान्य आहे. मीही मानत नव्हतो. तरीही उद्या सकाळी भिंतीवरचा तक्ता एकदा वाचा आणि त्यातल्या प्रत्येक नावापुढे ते मूल कोठून येते हे मनात लिहून पाहा. त्या आजीला वाचता येत नव्हते, तरी तिला जे दिसले ते मला अडीच महिने दिसले नव्हते.